'ॲस्पेन'ची फ्लेक्सी: एक बाजू जाहिरातीची, एक बाजू न संपणारी

मी तानपुऱ्यावर साथ करणारी बाई. गायकाच्या मागे बसायचं, चार तारा छेडत राहायचं आणि बैठक रंगली की आपण तिथे आहोत हे कुणाच्या लक्षातही येऊ द्यायचं नाही, हे माझं काम. त्यामुळे एकच सूर तासन्‌तास ऐकण्याचं मला अप्रूप नाही आणि कंटाळाही नाही. माझ्या एका रेकॉर्डवेड्या मित्राने 1966 सालच्या एका अमेरिकन मासिकाबरोबर आलेली प्लॅस्टिकची तबकडी माझ्या हातात ठेवली ती यामुळेच. "तुझ्याच धंद्यातली वस्तू आहे, ऐक आणि सांग," म्हणाला. पुष्कळदा ऐकली. आता सांगते.

आधी वस्तू काय ते. 'ॲस्पेन' नावाचं मासिक फिलिस जॉन्सन या बाईंनी 1965 मध्ये न्यूयॉर्कमधून सुरू केलं. मासिक म्हणायचं खरं, पण 1971 पर्यंत निघाले अंक फक्त दहा. शिवाय ते बांधलेलं नव्हतं. खोकं यायचं, आणि खोक्यात सुटे कागद, पुस्तिका, कार्डं, कधी तबकडी. तिसरा अंक डिसेंबर 1966 चा. संपादक पॉप आर्टवाला चित्रकार अँडी वॉरहॉल आणि डेव्हिड डाल्टन. वॉरहॉलने खोकं 'फॅब' या कपडे धुण्याच्या पावडरच्या पुड्यासारखं केलं. आत काय काय होतं? पानं फरफर पलटली की सिनेमा दिसतो अशी पुस्तिका, पॉप आर्टच्या 12 चित्रांची कार्डं, एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली द्रव्यावरच्या बर्कलीतल्या परिषदेतल्या निबंधांचे तुकडे छापलेलं तिकिटांचं पुस्तक, एकाच अंकापुरतं काढलेलं भूमिगत वर्तमानपत्र, लू रीडचा रॉक संगीतावरचा एक लेख. आणि ही फ्लेक्सी-डिस्क. एका बाजूला पीटर वॉकर यांची 'व्हाइट विंड', दुसऱ्या बाजूला 'लूप', द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडच्या नावावर.

मित्राकडे खोकं नाही, नुसती तबकडी आहे. खोकं मी एका प्रदर्शनात काचेमागे पाहिलंय. तिथे ही तबकडी एका कोपऱ्यात सरकवलेली होती आणि लोक पावडरच्या पुड्यासमोर उभं राहून फोटो काढत होते. संग्राहकांच्या जगातही हेच. खोक्याची किंमत वॉरहॉलमुळे, तबकडी म्हणजे त्यातला एक सुटा भाग. मला हे उलटं वाटतं. खोक्यातल्या बाकीच्या वस्तू तुम्ही बघून बाजूला ठेवू शकता. तबकडीची एक बाजू तुम्हाला बाजूला ठेवू देत नाही, आणि ते का, ते पुढे येईलच.

फ्लेक्सी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. हाताने वाकवता येईल अशा पातळ प्लॅस्टिकवर ग्रूव्ह, म्हणजे सुई धावायच्या बारीक चऱ्या, दाबलेले असतात. वजन नगण्य, खर्च कमी, पोस्टाने पाठवताना फुटण्याची भीती नाही. म्हणून जाहिरातदारांची आणि मासिकांची ती लाडकी. बीटल्स आपल्या फॅन क्लबच्या सभासदांना 1963 ते 1969 दर नाताळात एक पाठवायचे. 'नॅशनल जिओग्राफिक'ने जानेवारी 1979 च्या अंकात देवमाशांच्या गाण्यांची फ्लेक्सी घातली, तिच्या 1 कोटी 5 लाख प्रती निघाल्या. ब्रिटनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने 1973 मध्ये ॲलिस कूपरचं एक गाणं आणि पुढे इमर्सन, लेक अँड पामर यांच्या नव्या अल्बमचे तुकडे अशाच तबकड्यांवर वाटले. साधा हिशेब: चव दाखवायची, मग दुकानात ओढायचं. ॲस्पेनची तबकडी या रांगेत बसवून पाहिली की तिचा विक्षिप्तपणा कळतो.

वाजवताना मात्र सगळ्या फ्लेक्सी सारख्याच छळतात. नुसती ठेवली की घसरते, सुईच्या ओझ्याने जागच्या जागी थांबते. खाली एखादी जाड एलपी घालायची, वर मध्यभागी एक पेनी ठेवायची. खूप वाकडी असेल तर दोन पेनी. टोनआर्मचं, म्हणजे सुईच्या दांडीचं, वजन कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) झेपेल त्या पट्ट्यात ठेवायचं. अगदी हलकं केलं तर सुई उड्या मारते, जड केलं तर ग्रूव्ह खरवडते. वरचे सूर मंद होतात, खर्ज पोकळ वाटतो, खालून सतत खरखर येते. ही खरखर नको असणाऱ्याने फ्लेक्सीच्या वाटेला जाऊ नये.

पीटर वॉकरची बाजू पटकन संपवते, कारण ती स्वतःच सरळ आहे. वॉकर गिटारवाले. रवि शंकर आणि अली अकबर खाँ या दोघांकडेही त्यांनी काही काळ शिक्षण घेतलं. एलएसडीचा प्रचारक टिमथी लिअरी याच्या एलएसडी-मेळाव्यांमध्ये संगीताची बाजू ते सांभाळायचे. तिकिटांच्या पुस्तकातले निबंध आणि ही बाजू एकाच घरातली, असं समजा. 1966 मध्येच 'व्हॅनगार्ड' कंपनीने त्यांचा 'रेनी डे रागा' हा अल्बम काढला होता आणि 'व्हाइट विंड' ही रचना त्यातच आहे. म्हणजे ही बाजू नेहमीच्या अर्थाने जाहिरात: ऐका, आवडलं तर अल्बम घ्या.

ऐकायला गोड आहे. गिटारची एक मोकळी तार आसेसारखी, म्हणजे सतत घुमणाऱ्या सुरासारखी, वाजत ठेवायची आणि तिच्या भोवती सुरावट विणायची, ही युक्ती त्यांना छान जमलीय. बोटं स्वच्छ आहेत, घाई नाही. पण 'राग' हा शब्द अल्बमच्या कपाळावर आहे म्हणून राग ऐकायला बसाल तर हाती काही लागणार नाही. स्वर वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, आहे की नुसता वाटेत भेटलेला, कुठे थांबायचं, कुठे थांबल्यासारखं करून पुढे जायचं, हे त्यात नाही. वॉकर तसा दावाही करत नसावेत. त्या काळी अमेरिकेत कुठल्याही आसवाल्या लांब तुकड्याला सर्रास 'रागा' म्हटलं जायचं. मला ते खटकत नाही. चहा पिताना लावावी अशी ही बाजू. फ्लेक्सीवरच ऐकायला पाहिजे असं मात्र काही नाही, अल्बमवर ती कितीतरी बरी ऐकू येते.

आता उलटा.

'लूप'च्या श्रेयात द व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं नाव असलं तरी वाजवणारा त्या बँडमधला एकटा जॉन केल आहे. लू रीडचं गाणं नाही, मॉरीन टकरचा ढोल नाही, निकोचा आवाज नाही. बँडचा पहिला अल्बम यायला अजून काही महिने होते, तो मार्च 1967 मध्ये आला. म्हणजे डिसेंबरात खोकं उघडणाऱ्या माणसाने या बँडचं बहुधा काहीच ऐकलेलं नव्हतं, आणि त्याच्या हातात आली साधारण सात मिनिटांची फीडबॅकची घरघर, जी कुठल्या येऊ घातलेल्या अल्बमवर नव्हती, जिच्यात गुणगुणावं असं काही नव्हतं. जाहिरात म्हणून शून्य गुण. मी वितरक असते तर मला झोप लागली नसती.

फीडबॅक म्हणजे काय, हे गिटारवाल्यांना सांगायला नको, पण तानपुऱ्याच्या बाजूने सांगते. विजेच्या गिटारची तार हलते, पिकअप ते टिपतो, ॲम्प्लिफायर मोठं करून स्पीकरमधून बाहेर टाकतो. स्पीकर जवळ असेल तर तोच आवाज हवेतून पुन्हा तारेला हलवतो, पुन्हा पिकअप, पुन्हा स्पीकर. कुणी छेडायची गरज उरत नाही, तार स्वतःच्याच आवाजावर जगते. माझ्या तानपुऱ्यात मी सतत छेडत असते. पहिल्या तारेचा नाद विरायच्या आत दुसरीचा लागला पाहिजे, नाहीतर गायकाच्या पायाखालची जमीन सरकते. फीडबॅकला साथीदारच नको! थोडा धंद्याचा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा नुसता गोंगाट वाटेल. कर्कश आहेच, गोडवा कुठे नाही. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास कान सरावतो आणि मग दिसायला लागतं की आत एक सूर नाही, चांगले तीनचार थर आहेत. ते एकमेकांच्या इतके जवळ आहेत की त्यांच्यात लाटा पडतात, वाव-वाव अशा. तानपुऱ्यातल्या एकाच सुराच्या दोन जोडाच्या तारा केसभर फरकाने लागल्या की येतात त्याच लाटा. आम्ही त्या लाटा मारायला धडपडतो, मणी सरकवतो, खुंटी पिळतो. केल त्या लाटा पाळतो. मधूनच एखादा वरचा स्वर कुणी न छेडता उगवतो, थोडा वेळ राहतो, आणि कधी गेला ते कळत नाही. जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून येणारा झणत्कार, नीट उघडलेल्या तानपुऱ्यातून गंधार आपोआप बोलतो, हे ज्याने ऐकलंय त्याला हा अनुभव अनोळखी नाही. वॉकर साहेबांनी उस्तादांकडे शिकून जे घेतलं, त्यापेक्षा या माणसाने आमच्या वाद्याच्या पोटातली जास्त जवळची गोष्ट पकडलीय, तीही भारताचं नाव न घेता.

हे हवेतून आलेलं नाही. केल मूळचा वेल्सचा, 1963 मध्ये अमेरिकेत आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक साती यांची एक छोटीशी पियानोरचना 840 वेळा सलग वाजवण्याचा प्रयोग जॉन केज यांनी केला, अठरा तासांहून जास्त चालला तो. पाळीपाळीने वाजवणाऱ्यांत केल होता. नंतर तो संगीतकार ला माँट यंग यांच्या मंडळात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ, वाजवायला लागला. टोनी कॉनराड, मेरियन झझीला, अँगस मॅक्लीज ही मंडळीही तिथलीच. हे लोक एकेक स्वर कितीतरी वेळ धरून बसायचे. व्हायोलाचा घोडा तासून सपाट केलेला, म्हणजे एकाच वेळी जास्त तारांवर गज फिरेल, आणि तारा चढवलेल्या गिटारच्या. यंग स्वतः पुढे 1970 मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचे गंडाबंध शागीर्द झाले. पण 'लूप' त्याच्या आधीची. किराण्याची सावली त्यात शोधू नका, तेवढा मोह मीही आवरलाय.

एक गंमत सांगते आणि पुढे जाते. यंग यांचं मंडळ सूर लावायचं तो विजेच्या गुणगुणीवर. अमेरिकेत घरची वीज 60 हर्ट्झची, तिचाच 'सा' धरायचा, म्हणजे फ्रीज आणि ट्रान्सफॉर्मर सगळे साथीला. भारतात वीज 50 हर्ट्झची. 60 ला 50 ने भागा: सहास पाच. आमच्याकडची वीज 'सा' मानली तर अमेरिकेची वीज शुद्ध गणिती कोमल गंधार बोलते. मला हे कळलं त्या दिवसापासून ट्रान्सफॉर्मरजवळून जाताना मी उगाचच गुणगुणते.

आता त्या न संपण्याबद्दल. कुठल्याही रेकॉर्डचा शेवटचा ग्रूव्ह बंद वर्तुळ असतो, सुई लेबलवर जाऊन आपटू नये म्हणून. एरवी त्या वर्तुळात शांतता असते. केलने तिथे आवाज भरला. सात मिनिटांची चाल संपते, सुई वर्तुळात शिरते, आणि आत जो तुकडा आहे तोच फिरत राहतो, तुम्ही हाताने टोनआर्म उचलेपर्यंत. लू रीडने पुढे 1975 मध्ये 'मेटल मशीन म्युझिक'च्या शेवटीही हेच केलं. त्या अल्बमवर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या शतांशही या तबकडीच्या वाट्याला आली नाही.

33⅓ च्या गतीला एक फेरा 1.8 सेकंदांचा. वर्तुळ जिथे जुळतं तिथे बारीकसा टक होतो. पहिले काही फेरे तो टक छळतो, मग तोच धरायला मिळतो. विलंबित एकतालाची एक मात्रा मी त्याला मोजली. बारा टकांचं आवर्तन 21.6 सेकंदांत येतं, बऱ्यापैकी ठाय लय. मोबाइलमधल्या ॲपवरचा तानपुराही असाच एक तुकडा फिरवत असतो, पण तो सांधा लपवतो आणि म्हणूनच अर्ध्या तासात जीव नकोसा होतो. इथे सांधा उघडा आहे, त्याचीच लय झालीय.

मी त्या आवाजाला तानपुरा लावायचा प्रयत्न केला. लागेना. जोड जुळली असं वाटायचं आणि पुढच्या टकाआधी सुटायची, पुन्हा जुळायची, पुन्हा सुटायची. कारण साधं निघालं: तबकडीचं भोक बरोबर मध्यावर नाही. फ्लेक्सीमध्ये हे फार आढळतं. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात सूर किंचित चढतो, किंचित उतरतो. दुसऱ्या प्रतीवर भोक वेगळ्या बाजूला सरकलेलं असेल, म्हणजे तिथली डोलही वेगळी. छापील मालात प्रत्येकाचा 'लूप' निराळा, हे मला भलतंच आवडलं. केलने हे ठरवलं असेल असं मात्र मी म्हणणार नाही. भोक पाडणाऱ्या यंत्राचं श्रेय यंत्राला.

आणि इथेच या वस्तूचा खरा काच आहे. बंद ग्रूव्हमध्ये सुई तासभर सोडली तर त्याच इवल्या वर्तुळावरून ती 2000 वेळा जाते. पातळ प्लॅस्टिक. एखादी आवडती रेकॉर्ड माणूस आयुष्यात तेवढ्या वेळा लावत नाही. म्हणजे बनवणाऱ्याला जसं अभिप्रेत होतं तसं ऐकायचं तर तबकडी झिजवायची, आणि जपायची तर तिचा गाभाच ऐकायचा नाही. माझा मित्र फोन करून "किती वेळ सोडली होतीस?" विचारायचा, ते त्याच्या जागी बरोबर होतं. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते: न वाजवलेली प्रत ही नुसती गोल पारदर्शक काळजी आहे. झिजली तर झिजू दे. झिजलेल्या वर्तुळात खरखर वाढते, टक बोथट होतो, आणि तोही ऐकण्यासारखा आहे.

इंटरनेटवर 'उबूवेब'वर ॲस्पेनचे अंक बघता-ऐकता येतात, 'लूप'सुद्धा. ओळख करून घ्यायला उत्तम, फुकट आहे, जरूर ऐका. पण फाइल सात मिनिटांच्या आसपास संपते. पुन्हा-पुन्हा वाजवायचं बटण दाबलंत तरी ती सुरुवातीपासून सुरू होते, वर्तुळात अडकत नाही. ध्वनी मिळतो, रचना मिळत नाही. या एका कारणासाठी मी म्हणेन की ही तबकडी ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जाऊन ऐका, त्याला चहा पाजा, काय वाटेल ते करा.

याच मंडळाचं काम आवडलं तर ॲस्पेनचा आठवा अंकही शोधा, त्यात ला माँट यंग यांच्या एका 'ड्रिफ्ट स्टडी'ची फ्लेक्सी आहे. तिथला सूर स्वच्छ, शिस्तीचा, जवळजवळ प्रयोगशाळेतला. मला 'लूप' जास्त आवडते, कारण तिच्यात घाण आहे. नववा अंक अँगस मॅक्लीज आणि हेटी मॅक्लीज यांनी संपादित केला, तो तर सगळाच सायकेडेलिक चळवळीवर आहे. अँगस हा व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला तालवादक. पैसे घेऊन कार्यक्रम करायची वेळ आली तेव्हा त्याने बँड सोडला. नंतर तो नेपाळला गेला, 1979 मध्ये काठमांडूतच वारला.

विकत घेणारच असाल तर खोक्याच्या मागे लागू नका, ते संग्रहालयांना परवडतं. सुटी तबकडी शोधा. लेबलावरच्या छपाईपेक्षा लेबलाभोवतीची कड बघा. तिथे आडवी घडी पडलेली असेल तर सोडून द्या, बंद वर्तुळात सुई उडेल आणि मग हाती फक्त वॉकर उरेल. बाहेरच्या कडेला थोडा बाक असेल तर चालतो, पेनीने दबतो. विकणारा "कधीच वाजवलेली नाही" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर वाजवलेली, पण सपाट असलेली प्रत घ्या.

आणि टर्नटेबल हाताने चालवायचाच हवा. शेवट आला की टोनआर्म आपोआप उचलून जागेवर नेणारी यंत्रं असतात, त्यांच्यावर 'लूप' सात मिनिटांत आटोपते आणि तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे यात.